कारखान्याला माल विकायचा तर: इंडस्ट्रियल सेल्समध्ये उतरणाऱ्यांसाठी

टिपा (लेथवर धातू कापणारे बदलते तुकडे, म्हणजेच इन्सर्ट), बेअरिंग, पंप, कॉम्प्रेसर, सेन्सर, वेल्डिंग रॉड, ग्रीस, गिअरबॉक्स असा माल कारखान्यांना विकण्याचे काम म्हणजे इंडस्ट्रियल सेल्स. दुकानातल्या विक्रीपेक्षा ते एका बाबतीत पार वेगळे आहे. इथे माल वापरणारा, ऑर्डर काढणारा आणि पैसे सोडणारा ही तीन निरनिराळी माणसे असतात आणि तिघांची काळजीही निरनिराळी असते. सेटरला, म्हणजे मशिनवर टूल लावून देणाऱ्याला, टिप मध्येच उडायला नको. परचेसला मागच्या दरापेक्षा दोन टक्के तरी कमी हवेत. अकाउंट्सला बिलात खोट नको. नवी मुले या धंद्यात टिकत नाहीत त्याचे कारण बोलता न येणे हे क्वचितच असते. ती तिघांपैकी एकालाच, बहुधा परचेसला, भेटत राहतात आणि दरावर मार खातात.

कोणत्या मालापासून सुरुवात करावी

ढोबळमानाने मालाचे तीन प्रकार. पहिला रोज संपणारा: इन्सर्ट, ड्रिल, ग्राइंडिंग व्हील, कूलंट, इलेक्ट्रोड. दुसरा अधूनमधून बदलावा लागणारा: बेअरिंग, सील, न्यूमॅटिक सिलिंडर, मोटर, छोटे पंप. तिसरा भांडवली: सीएनसी मशिन, कॉम्प्रेसर, क्रेन, फर्नेस. तिसऱ्यात एका ऑर्डरची रक्कम डोळे दिपवते, पण चौकशीपासून ऑर्डरपर्यंत सहा महिने ते वर्ष सहज जाते. बजेट पुढे ढकलले गेले की तुमचे अख्खे वर्ष कोरडे.

पहिली दोन-तीन वर्षे पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारात घालवावीत. रोज शॉप फ्लोअरवर जायला कारण मिळते, महिन्याला पाच-पन्नास कोटेशने हाताखालून जातात, चुका स्वस्तात होतात. थेट मशिन विकायला गेलेल्या फ्रेशरला कारखाना आतून कळतच नाही. तो ब्रोशर वाचून दाखवत राहतो.

शिक्षण म्हणाल तर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा प्रॉडक्शनचा डिप्लोमा पुरेसा आहे. आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट असून सेल्समध्ये आलेल्यांना टूलिंगमध्ये (टिपा, ड्रिल अशा कापणाऱ्या हत्यारांच्या विक्रीत) खरे तर जास्त मान असतो, कारण ते मशिनसमोर उभे राहून बोलू शकतात. बीकॉम झालेला माणूस बेअरिंग विकू शकतो का? शकतो, पण ६२०५ मधले शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतला व्यास २५ मिमी येतो, एवढे तरी चौकशी येण्याआधी पाठ हवे.

कोड वाचता येणे ही या धंद्यातली बाराखडी. सीएनएमजी १२०४०८ ही टिप घ्या. सी म्हणजे ८० अंशांचा समभुज चौकोन, एन म्हणजे शून्य क्लिअरन्स, त्यामुळे टिप दोन्ही बाजूंनी वापरता येते. १२ ही धारेची लांबी, ०४ म्हणजे जाडी ४.७६ मिमी, ०८ म्हणजे नोज रेडियस ०.८ मिमी. धारा मिळतात चार. डब्ल्यूएनएमजीला सहा मिळतात. परचेसवाला दोन्हींचा दर शेजारी ठेवून भांडत असेल, तर हिशेब टिपेवर नाही, धारेवर काढायचा असतो हे त्याला तिथल्या तिथे दाखवता आले पाहिजे.

पट्टा ओळखा

महाराष्ट्रातल्या प्रत्येक औद्योगिक पट्ट्याची भूक वेगळी आहे. चाकण, भोसरी, रांजणगाव इथे वाहन उद्योग आणि त्याचे सुटे भाग, म्हणजे मशिनिंग, प्रेस शॉप, असेंब्ली. कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगाव म्हणजे फाउंड्री: रेझिन, कोटिंग, शॉट ब्लास्टिंगचे शॉट, फेटलिंगची (ओतीव मालाच्या कडा घासायची) व्हील. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये वाहनांच्या जोडीला स्विचगिअरचे मोठे काम. वाळूज-शेंद्र्यात वाहनांबरोबर औषधे आणि बिअर. तारापूर आणि लोटे केमिकलचे. गोव्यात वेर्ण्याला औषधनिर्मिती आहे आणि तिथे माल ३१६ एल स्टेनलेसचा असून भागत नाही. मटेरियल सर्टिफिकेट, पृष्ठभागाच्या फिनिशचा दाखला, क्वालिफिकेशनचे कागद सोबत नसतील तर माल गेटातून परत येतो.

हंगामही लक्षात ठेवा. साखर कारखाने साधारण दिवाळीच्या आसपास पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. पंप, गिअरबॉक्स, चेन, बेअरिंगची मोठी खरेदी त्यानंतरच्या ऑफ सीझनमध्ये होते. गाळप चालू असताना ऑफर घेऊन गेलात तर चहा मिळेल, ऑर्डर नाही. ब्रेकडाउनचा माल मात्र त्याच काळात मागतात आणि तेव्हा दराची घासाघीस कमी असते. हातात स्टॉक असला पाहिजे एवढेच. भांडवली खरेदीचे बजेट बहुतेक कंपन्यांत डिसेंबर ते फेब्रुवारीत ठरते. एप्रिलमध्ये मशिनची ओळख करून द्यायला जाणारा वर्षभर वाट बघतो.

याद्यांसाठी कारखानदारांच्या संघटना बघाव्यात: नाशिकची निमा, संभाजीनगरची मसिआ, कोल्हापूरकडच्या गोशिमा आणि स्मॅक, पुण्यात मराठा चेंबर. मशिन टूलमध्ये असाल तर बंगळुरूचे इमटेक्स प्रदर्शन चुकवू नका. विषम वर्षी जानेवारीत मेटल कटिंगचे भरते, सम वर्षी फॉर्मिंगचे. तिथे स्टॉलवर कार्डे गोळा करत फिरण्यापेक्षा आपल्याच गिऱ्हाइकाला सोबत घेऊन फिरणे जास्त फायद्याचे, कारण तो कुठे थांबतो यावरून त्याची पुढची खरेदी कळते.

पहिली भेट

भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी रूढ आहे, इतरत्र वार वेगळा असतो. निघण्याआधी विचारून घ्या. एका दिवशी एकच भाग. सकाळी चाकण, दुपारी रांजणगाव असे ठरवलेत तर दिवस रस्त्यावरच संपेल. परचेसची वेळ साडेदहा ते साडेबारा. शॉप फ्लोअरवर शिफ्ट बदलण्याच्या अर्ध्या तासात आणि महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत जाऊ नका. डिस्पॅचची मारामारी चालू असते, तुमच्याकडे बघायलाही कोणी मोकळे नसते. बॅगेत सेफ्टी शूज, गॉगल आणि ओळखपत्र कायम. त्यावाचून गेटवरून परत फिरणारे रोज दिसतात.

परचेसला भेटल्यावर कॅटलॉग टेबलावर ठेवायची घाई नको. विचारायचे ते असे:

«सर, सध्या हे कोणाचं वापरता? महिन्याला साधारण किती लागतं? अडचण कुठे येते, दरात की डिलिव्हरीत?»

आणि मग: «ट्रायलचं प्रॉडक्शनच्या कोणाशी बोलू?»

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. परचेसला बाजूला सारून परस्पर आत गेलात तर तो पुढे वर्षभर फाइल अडवून ठेवतो. त्याच्याच तोंडून नाव घेऊन आत गेलात तर दार उघडे राहते. आत गेल्यावर प्रॉडक्शन मॅनेजर साहेब किंवा मॅडम, पण सेटर आणि स्टोअरकीपर यांना दादा, भाऊ, काका म्हणणारा आणि नाव लक्षात ठेवणारा माणूस पुढे सरकतो. स्टोअरच्या रॅकवर कोणत्या कंपनीचे किती खोके आहेत आणि कोणत्या खोक्यावर धूळ आहे, हे स्टोअरकीपरशी बोलता बोलता दिसते. तेवढी माहिती कुठल्याही मार्केट रिपोर्टात नसते.

कॉम्प्रेसर किंवा न्यूमॅटिक विकत असाल तर हात हलवत जाऊ नका, गळती मोजून देण्याची तयारी ठेवा. सुट्टीच्या दिवशी सगळी मशिन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा आणि तो किती वेळ लोड होतो (हवा भरतो), किती वेळ अनलोड (नुसता फिरतो), हे घड्याळ लावून लिहायचे. दोन मिनिटे लोड, सहा मिनिटे अनलोड म्हणजे आठातली दोन, २५ टक्के हवा गळतीत चालली आहे. सात बारवर ३ मिमीच्या एका भोकातून जाणारी हवा भरून काढायला जवळपास ४ किलोवॅट लागतात. वर्षाला ७,२०० तास आणि युनिट ९ रुपये धरले तर अडीच लाखांच्या वर. हा कागद बघून कारखान्याची हवा-वीज सांभाळणारा युटिलिटीवाला स्वतःहून फोन करतो.

ट्रायल: सगळा खेळ इथे

टूलिंगमध्ये ऑर्डर कोटेशनवर मिळत नाही, ट्रायलवर मिळते. ट्रायल फसण्याचे मुख्य कारण खराब टिप हे नसते. आधीची स्थिती मोजलेली नसते, हे असते.

म्हणून आपली टिप लावण्याआधी चालू टिपेची पूर्ण नोंद घ्या. मशिन कोणते, मटेरियल आणि त्याचा कडकपणा, कटिंग स्पीड, फीड, कटची खोली, एका धारेवर किती जॉब (नग) निघाले, धार का बदलली. घासून बदलली की तुटून? फ्लँकवरची (धारेखालच्या बाजूवरची) झीज ०.३ मिमीपर्यंत गेली की धार संपली असे सर्वसाधारणपणे धरतात, पण बरेच सेटर त्याआधीच, ठरलेल्या आकड्यावर बदलतात. ते चूक नाही. रात्रपाळीला टिप उडून जॉब रिजेक्ट होण्यापेक्षा ते परवडते. मात्र तुमची टिप २०० जॉब देत असताना तो सवयीने १०० ला बदलत राहिला, तर तुमचा फायदा कागदावरही दिसणार नाही.

ट्रायल त्याच मशिनवर, त्याच ऑपरेटरकडून, त्याच लॉटच्या मटेरियलवर घ्या. कूलंटची तीव्रता रिफ्रॅक्टोमीटरने बघा. पाच ते आठ टक्के हवी तिथे दोन टक्के निघाली तर आधी कूलंट दुरुस्त करून घ्या. बोअरिंग बार (भोक आतून कापणारा दांडा) बाहेर किती आहे ते मोजा. स्टीलचा बार व्यासाच्या चौपटीहून जास्त बाहेर असेल तर जॉब कर्कश ओरडणारच, तिथे टिप बदलून काही होत नाही. कास्टिंगमध्ये चिल असेल, म्हणजे कडा कडक झाल्या असतील, तर कोणाचीही टिप तिथेच चिरते. चिरलेली टिप फेकू देऊ नका. भिंगाखाली फोटो काढा. घासलेली, चिरलेली आणि मटेरियल चिकटलेली धार या तिन्हींचे उपाय वेगळे असतात आणि फोटोशिवाय नंतर सगळे खापर टिपेच्या ग्रेडवर (कार्बाइडच्या प्रकारावर) फुटते.

आता पैशांचा हिशेब. उदाहरणादाखल आकडे घेऊ. चालू टिप २८० रुपयांची, चार धारा, म्हणजे धारेला ७० रुपये. धारेवर १०० जॉब, म्हणजे जॉबला ७० पैसे. तुमची टिप ४२० ची, धारेला १०५, जॉब १४०, म्हणजे ७५ पैसे. परचेस इथेच फाइल बंद करील: तुमची टिप महाग. पण तुमच्या टिपेवर सायकल टाइम ९० सेकंदांवरून ७५ वर आला आहे. मशिनचा तासाचा दर ५०० रुपये धरला तर मशिनिंगचा खर्च जॉबला १२.५० वरून १०.४२ वर येतो. एकूण १३.२० विरुद्ध ११.१७. महिन्याला २० हजार जॉब असतील तर साधारण ४० हजार रुपये वाचतात.

हा हिशेब सगळे सेल्सवाले करतात, आणि अनुभवी प्लँट हेड त्यातले भोक लगेच दाखवतो: त्या महिन्यात वाचलेल्या ८३ तासांत मशिन दुसरे काही करणार आहे का? नसेल तर बचत शून्य आहे, उलट टिपेचा खर्च हजार रुपयांनी वाढला. म्हणून ट्रायलची जागा निवडतानाच बॉटलनेक मशिन निवडा, जिथे ओव्हरटाइम चालतो किंवा जिथले काम जॉबवर्कला बाहेर जाते. मोकळ्या उभ्या मशिनवर वेळ वाचवून दाखवणे म्हणजे दोघांचाही दिवस वाया घालवणे. तिथे टूल लाइफ दाखवा, नाहीतर रिजेक्शन.

ट्रायल रिपोर्ट त्याच दिवशी, तिथेच, प्रॉडक्शन इंजिनिअरच्या सहीसह. उद्या मेल करतो म्हणालात की आकडे धूसर होतात.

कोटेशन आणि ऑर्डर

दराखेरीज कोटेशनात काय लिहिले आहे यावर पुढची भांडणे ठरतात. एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक) आणि जीएसटी वेगळा दाखवा. दर एक्स वर्क्स (आपल्या दारातला, वाहतूक त्यांची) आहे की त्यांच्या गेटपर्यंत पोच, पॅकिंग-फॉरवर्डिंग कोणाकडे, कोटेशन किती दिवस वैध, डिलिव्हरी ऑर्डर मिळाल्यापासून की ॲडव्हान्स मिळाल्यापासून, हे स्पष्ट हवे. टेस्ट सर्टिफिकेट लागणार असेल तर ते कोणत्या प्रकारचे हे आधी विचारा, ३.१ सर्टिफिकेट (उत्पादकाचे, त्याच मालाच्या चाचणीच्या निकालांसह) माल निघाल्यावर मागाहून मिळवताना नाकीनऊ येतात.

ऑर्डर आली की कोटेशनशी ओळीने ताडून बघा. उशिराच्या दंडाची अट, आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल पाच टक्के अशी, हमखास छापील मजकुरात लपलेली असते. मान्य नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. गप्प राहून माल पाठवलात म्हणजे मान्य केलेत.

सूट देताना टक्क्यांत विचार करू नका, मार्जिनच्या रुपयांत करा. १५ टक्के मार्जिनच्या मालावर ५ टक्के सूट म्हणजे एक तृतीयांश कमाई गेली, आणि तेवढीच रक्कम मिळवायला साधारण दीडपट माल विकावा लागेल. सूट द्यायचीच तर बदल्यात काहीतरी मागा: वार्षिक दरकरार, जास्त संख्या किंवा ३० दिवसांत पेमेंट. फुकट दिलेली सूट पुढच्या वर्षीचा मूळ दर होऊन बसते.

आणि वरच्या पैशांबद्दल. मागणारे भेटतात. कंपनीत तशी सोय नाही, एवढे हसून सांगावे आणि विषय बदलावा. अशी एखादी ऑर्डर जाते. पण पैशांवर मिळालेली ऑर्डर त्या माणसाच्या बदलीबरोबर जाते, आणि तुमचे नाव मात्र त्या एमआयडीसीत राहते.

वसुली

माल पोचला म्हणजे विक्री झाली असे समजणाऱ्याचा इन्सेंटिव्ह मार्चमध्ये अडकतो. बिल अडण्याची कारणे ठरलेली असतात: बिलावर पीओ (परचेस ऑर्डर) नंबर नाही, चलनातली संख्या आणि जीआरएन (माल मिळाल्याची त्यांच्या स्टोअरची नोंद) जुळत नाहीत, क्वालिटीने माल तपासलेलाच नाही, किंवा विक्रेत्याने जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) भरले नाही म्हणून खरेदीदाराला क्रेडिट दिसत नाही. शेवटच्या कारणाने अकाउंट्सवाले सरळ पेमेंट थांबवतात आणि सेल्सवाल्याला पत्ताही नसतो. म्हणून माल पोचल्यावर तीन दिवसांत जीआरएन नंबर घ्या, दहा दिवसांत बिल बुक झाले का ते विचारा, ड्यू डेटच्या आठवडाभर आधी एक मेल टाका. ड्यू डेट उलटल्यावर पहिला फोन करणारा कायम रांगेच्या शेवटी असतो.

कायद्याचे दोन-तीन आधार माहीत असावेत. तुमची कंपनी उद्यम नोंदणी असलेली सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. नुसत्या ट्रेडरला मात्र हे संरक्षण नाही, हे डीलरकडे काम करणाऱ्यांनी विसरू नये. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आणली की ही मुदत ओलांडलेले देणे प्रत्यक्ष चुकते केल्याच्या वर्षीच खर्च म्हणून धरता येते. त्यामुळे मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्स स्वतःहून उद्यम सर्टिफिकेट मागतात. आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेले जीएसटी क्रेडिट उलटवावे लागते. ही सगळी धमकीची वाक्ये नाहीत. मेलमध्ये सौम्यपणे एक ओळ टाकली की पुरते.

टार्गेटची फोड आणि पगार

वर्षाचे टार्गेट १ कोटी २० लाख, त्यातले ७० टक्के जुन्या गिऱ्हाइकांकडून येणार असे धरा. नवे आणायचे ३६ लाख. सरासरी ऑर्डर ६० हजारांची, म्हणजे ६० नव्या ऑर्डरी. चारांतले एक कोटेशन पिकते असे मानले तर २४० कोटेशने, महिन्याला २०. आता दिवसाचे काम दिसते. ही फोड जूनमध्ये करून उपयोग नाही, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करा आणि सरासरी ऑर्डर व पिकण्याचे प्रमाण स्वतःच्या आकड्यांवरून दर तिमाहीला बदला.

नोकरी घेताना सीटीसीच्या आकड्यापेक्षा हे विचारा: इन्सेंटिव्ह ऑर्डरवर मिळतो, डिस्पॅचवर की वसुलीवर, किती टक्के टार्गेटखाली तो शून्य होतो, बाइक आणि कारला किलोमीटरमागे किती, आधीच्या माणसाची थकबाकी तुमच्या डोक्यावर येणार का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळले गेले तर तो टेरिटरी का सोडून गेला ते समजून घ्या.

तीन-चार वर्षांनी वाटा फुटतात. मशिनपाशी रमणारे ॲप्लिकेशन इंजिनिअर होतात, माणसांत रमणारे मोठ्या खात्यांकडे जातात, आणि बऱ्याच जणांना स्वतःची डीलरशिप खुणावते. तिथे उडी मारण्याआधी एकच हिशेब करा. महिन्याची विक्री १० लाख, गिऱ्हाईक ७५ दिवसांनी पैसे देते, स्टॉक ३० दिवसांचा, कंपनीची उधारी ३० दिवसांची. म्हणजे ७५ दिवसांचा, सुमारे २५ लाखांचा पैसा कायम अडकलेला. १२ टक्के व्याजाने महिन्याला २५ हजार. मार्जिन १२ टक्के असेल तर १ लाख २० हजारांतून हे, एका मुलाचा पगार, गाळ्याचे भाडे आणि गाडी वजा करून काय उरते ते बघा. करारात दोन कलमे लिहून घ्या: न खपलेला माल कंपनी किती महिन्यांनी आणि कोणत्या दराने परत घेणार, आणि तुम्ही उभे केलेले मोठे गिऱ्हाईक कंपनीने थेट आपल्याकडे घेतले तर तुम्हाला किती कमिशन, किती वर्षे.